राघीचा चीक

मेंढ्यांच्या एका रोगाच्या विषाणूवर मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, आणि तेवढ्या काळात मेंढीच्या अंगाला एकदाही हात लावला नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या कामाचं स्वरूपच तसं आहे. विषाणू दिसतो कसा, त्याच्या अंगावरचा कण न् कण कुठे बसला आहे, हे शोधायचं. त्यासाठी शुद्ध करून निर्जीव केलेला विषाणू नळीतून आमच्या टेबलावर येतो. मेंढी येत नाही.

रोगाचं नाव नीलजिव्हा. पावसाळा सरता सरता चिलटं वाढतात, मेंढ्यांना चावतात आणि त्या चाव्यातून विषाणू रक्तात शिरतो. मेंढीला ताप भरतो, ओठ सुजतात, पाय आखडतात, आणि काहींची जीभ खरोखरच निळी पडते. माणसांना हा रोग होत नाही. विषाणू मात्र दिसायला देखणा आहे. कदंबाच्या फुलासारखा गोल, वरून काट्याकाट्यांचा, आणि आत कवचात कवच. तरुणपणी परदेशातल्या एका ओल्या, ढगाळ गावात मी या विषाणूच्या तुकड्यांचे स्फटिक वाढवायला धडपडत असे. बरेचसे विरघळून जायचे. जो टिकायचा त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि पडद्यावर उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार जुळवायचा, यात वर्षं जायची. पुढे विषाणू क्षणात गोठवून त्याचे थेट फोटो घेणारे सूक्ष्मदर्शक आले आणि आमचं आयुष्य बदललं. मी बंगळूरला परत आले, माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली, आणि प्रश्नही बदलला. विषाणू कसा दिसतो हे कळलं होतं. आता जाणून घ्यायचं होतं की मेंढीचं शरीर त्याला पकडतं कुठे.

शरीर त्याला पकडतं ते प्रतिपिंडांनी. गलोलीच्या बेचक्यासारखा आकार असतो त्यांचा. बेचक्याची दोन टोकं विषाणूला धरतात. अडचण अशी, की नीलजिव्हेच्या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत आणि एका प्रकाराला धरणारं बेचकं दुसऱ्यावरून घसरतं. म्हणून लस टोचलेल्या मेंढ्याही कधीकधी आजारी पडतात. सगळ्या प्रकारांना धरता येईल अशी एखादी जागा त्या काट्यांमध्ये असेल का? असली, तर ती एखाद्या अशा मेंढीनंच शोधलेली असणार जी निरनिराळ्या साथींतून तगून निघाली आहे. हे मी एकदा फोनवर मोहनदादाशी बोलले. मोहनदादा माझा आत्येभाऊ, साताऱ्याचा, जनावरांचा सरकारी डॉक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो पलीकडून म्हणाला, "तसली एक मेंढी माझ्या ओळखीची आहे. ये."

सातारा

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मोहनदादाचं घर आहे. सकाळी पोचले तेव्हा किल्ल्यावर धुकं होतं आणि दादा अंगणात गाडीची काच पुसत होता. वहिनींनी चहाबरोबर कंदी पेढे पुढे केले. बंगळूरला आम्ही पाहुण्याला आधी पाणी विचारतो. इथे आधी पेढा, मग ख्यालीखुशाली, आणि पाणी आपलं आपण मागायचं.

दादानं माझी तयारी पाहिली. पांढरी थंड पेटी, तिच्यात बर्फाच्या पिशव्या, नळ्या, सुया. मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाला, "शुभा, या बुटांनी तू ढेकळांत चालणार?"

"चालेन की."

"बघू," असं म्हणून तो आत गेला आणि वहिनींच्या जुन्या रबरी चपला गाडीत टाकून आला.

वाटेत त्यानं त्या मेंढीची हकिगत सांगितली. माडग्याळी जातीची मेंढी. या मेंढ्यांचं नाक पोपटासारखं बाकदार असतं, म्हणून तिचं नाव राघी. तिचे मालक बिरूआबा आणि पारूबाई, कवठे महांकाळकडचं धनगर जोडपं. दादाची बदली तिकडे होती तेव्हापासूनची ओळख.

"एका वर्षी साथीत त्यांच्या वस्तीवर गेलो. आजूबाजूच्या मेंढ्या माना टाकून पडलेल्या, आणि ही बाभळीच्या शेंगा खात उभी. पुन्हा एकदा साथ आली, दुसऱ्या प्रकारची. तेव्हाही तशीच. आणि ऐक, तिला मी कधीही लस टोचलेली नाही."

"का?"

"पारूबाई टोचू देत नाही. मेंढी बिरोबाला सोडलीय."

माझं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. लस नाही, म्हणजे तिच्या रक्तात जे काही आहे ते सगळं तिनं स्वतः कमावलेलं. गाडी कऱ्हाडच्या पुढे गेली तरी मी मनातल्या मनात प्रयोग मांडत होते. देवाला सोडलीय म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

इस्लामपूरच्या रानात

दिवाळी झाली की पूर्वेकडच्या कोरड्या भागातले धनगर मेंढ्या घेऊन पश्चिमेला, पाण्याच्या मुलखात येतात. बिरूआबांचा कळप तेव्हा इस्लामपूरच्या आसपास उसाच्या रानांत होता. नेमका कुठे, हे दादानं फोनवर विचारलं.

"पान्याच्या टाकीपाशी या," आबा म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्या भागात प्रत्येक गावाला पाण्याची टाकी आहे. आम्ही तीन-चार टाक्या पाहिल्या. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत, धुरळा खात, एका बांधाशी थांबलो. तिथे एक ताठ कण्याचे, पिळदार मिशांचे गृहस्थ पाटाचं पाणी उसाला वळवत होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही कळपाचं विचारलं.

"ते कालच मूव्ह झाले," ते म्हणाले. "आमच्या रानात त्यांचा हॉल्ट होता. लय डिसिप्लिनची माणसं. सकाळी बघतो तर मैदान साफ." मग माझ्या पेटीकडे बघून विचारलं, "मॅडम, आइस्क्रीमवाल्या का?"

मी विषाणूचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उसाचं एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "शत्रूचा नकाशा काढताय म्हणा की. काढा. ओढ्याच्या पल्याड बघा, सापडंल त्यो कळप."

कळप ओढ्याच्या पलीकडेच होता. तिथवर चिखलातून जाताना माझा डावा बूट तळापासून सुटला आणि दादानं रबरी चपला पुढे केल्या. तोडलेल्या उसाच्या फडात मेंढ्या पसरल्या होत्या. एका बाजूला दोन घोडी, त्यांच्या पाठीवरून उतरवलेला संसार, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. मी जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. लोकर वरून खरबरीत, धुळीनं भरलेली होती. बोटं आत रुतवली तसं ऊबदार, तेलकट लागलं. मेंढीनं ढुंकूनही पाहिलं नाही. मला मात्र तिथून हलवेना.

बिरूआबा उंच, लाल फेट्याचे, खांद्यावर घोंगडं. दादाला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

"आबा, राघी कुठली यातली?" दादानं विचारलं.

"राघी? ती हितं कुटं हाय! गाभन हाय ती. दिस भरल्यात. पारूपाशी ठिवलिया घरला."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. "अहो, पण फोनवर तुम्ही या म्हणालात!"

"व्हय, म्हनलं की. तुमी येतो म्हनला, मी न्हाई कसं म्हनू?"

मी हसले, पण मनात हिशेब सुरू झाला. दिवस भरलेली मेंढी. ती व्याली की तिचं सगळं लक्ष पिल्लांत, आणि आम्हाला कोण जवळ येऊ देणार?

"आणि रक्त घ्यायचं, ते चालेल ना?" मी विचारलं.

आबांनी फेटा सारखा केला. "माझं काय न्हाई, ताई. पर देवाची मेंढी पारूच्या हातातली हाय. तिला इचारा."

कवठे महांकाळ

रात्री सांगलीत मुक्काम केला आणि सकाळी भडंगाचा पुडा उघडून खात खात पुढे निघालो. मिरज मागे पडलं तसं रान हळूहळू बदलत गेलं. उसाचा हिरवा पडदा विरळ झाला, माती तांबूस, मुरमाड दिसू लागली, आणि बाभळी, बोरी, उघड्या टेकड्या सुरू झाल्या. मधेच अचानक तारांवर चढलेली द्राक्षबाग लागते. कालव्याचं पाणी आल्यापासून इथले कितीतरी धनगर बागायतदारही झालेत, दादा सांगत होता. म्हणजे घरातला एक भाऊ मेंढ्यांमागे आणि दुसरा द्राक्षांना फवारणी करतोय.

पारूबाईंची वस्ती गावाबाहेर. पत्र्याचं घर, पुढे झाडलेलं अंगण, काट्यांचं कुंपण. पारूबाई साधारण माझ्याच वयाच्या, कपाळभर कुंकू, आवाज मोठा. आम्ही उतरायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"आवं डाक्टर, किती वर्सांनी! आन ह्या?"

"माझी मामेबहीण. रोगांवर काम करते."

"बसा बाई. आदी खावा, मग बोलू."

राघी कुंपणाच्या आत सावलीला बसली होती. पांढरीशुभ्र, अंगावर तपकिरी डाग, खरोखरच राघूसारखं नाक, आणि कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा. पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. वर्षानुवर्षं ज्या विषाणूचं चित्र माझ्या भिंतीवर आहे, तो हिच्या अंगात शिरून हरून गेला होता. मी लांबूनच बघत राहिले.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं होतं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ, लसणाची फोडणी दिलेली पेज. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्यामुळे पारूबाई खूश झाल्या. म्हणून मला वाटलं, आता विचारावं.

विचारलं. त्यांचा हात थांबला.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. राग नव्हता, पण वळवता येईल असंही काही नव्हतं त्या आवाजात. "तिच्या अंगाला कातर न्हाई, सुरी न्हाई, सुई न्हाई. देवाला सबूद दिलाय."

"एवढीशी बाटली," दादा म्हणाला. "तिला कळणारसुद्धा नाही."

"तिला न्हाई कळायचं. मला कळंल की."

मला खरंच कुतूहल होतं, म्हणून विचारलं, "ती वाचली म्हणून तुम्ही देवाला सोडली, की देवाला सोडली म्हणून वाचली?"

पारूबाईंना प्रश्न आवडला असावा. त्या मांडी बदलून बसल्या. "पयल्या साथीत आमच्या लय मेल्या. ही वाचली, तवा सोडली. दुसऱ्या साथीत पुन्यांदा वाचली, ती सोडली व्हती म्हनून. तुमी काय म्हंता?"

"मी म्हणते, पहिल्या वेळी तिच्या शरीरानं रोगाला धरायला शिकून घेतलं. कसं धरलं, तेच मला बघायचंय."

"मंग आपुन दोगी एकाच गोष्टीपाशी आलो की," त्या म्हणाल्या. "पर सुई न्हाई."

त्या ताटं घेऊन आत गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "शुभा, आबांनी हरकत नाही म्हटलंय. त्या भांडी घासतायत तोवर मी कानाच्या शिरेतून घेतो. आयुष्यभर हेच केलंय मी."

"नको."

"एवढ्या लांबून आलीस."

"नको, दादा. त्या मला भाकरी वाढत होत्या."

त्यानं पेटी बंद केली. रिकाम्या नळ्या घेऊन परतायचं, आणि अशी मेंढी पुन्हा कुठे मिळणार? कदाचित मिळणारही नाही. मग मला एक सुचलं. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून एकही प्रतिपिंड मिळत नाही. मेंढीची वार ते पलीकडे जाऊच देत नाही. जे मिळतं ते जन्मल्यावर, पहिल्या चिकातून. म्हणजे चीक हा आईनं आयुष्यभर कमावलेल्या बेचक्यांनी भरलेला असतो. रक्तापेक्षाही जास्त. मी आत जाऊन पारूबाईंना विचारलं, रक्त नको, ती व्याल्यावर वाटीभर चीक दिलात तर?

त्यांनी राखेनं भरलेला हात थांबवला. "चीक पाजल्याबिगर कोकरू टिकंल का?"

"नाही टिकणार."

"मंग त्यो कोकराचा हाय. त्येच्या तोंडचा काढून तुमास्नी कसा द्यू?"

मी जे विज्ञान सांगायला आले होते, तेच त्यांच्या बाजूचं होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि आम्ही निघायची तयारी केली.

निघालो नाही, कारण चपला घालत असतानाच राघी उठून उभी राहिली, पुढच्या पायानं जमीन उकरू लागली, बसली, पुन्हा उठली. पारूबाई धावत बाहेर आल्या. दादानं घड्याळ काढून ठेवलं आणि बाह्या सारल्या. चार वाजायच्या सुमाराचं कलतं ऊन अंगणात होतं.

पहिलं कोकरू सहज आलं. ओलं, पिवळट, कान चिकटलेली मादी. राघी तिला चाटू लागली आणि घशातून एक खोल, थरथरता आवाज काढू लागली. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पारूबाईंनी पोट चाचपलं. "आजून एक हाय."

दुसरं मात्र अडलं. राघी कळा देत होती आणि काहीच पुढे सरकत नव्हतं. दादानं हात घालून पाहिला. "एक पाय मागे राहिलाय. मान वळलीय."

"डाक्टर, तुमचा हात लय मोटा. सरका," पारूबाई म्हणाल्या. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, हाताला तेल चोळलं. "बाई, तुमी मान धरा तिची. घट न्हाई, नुसती धरा."

मी जमिनीवर बसले आणि राघीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरचा भंडारा माझ्या हाताला लागला. तिचा गरम श्वास मनगटावर येत होता, डोळा अगदी जवळ, आडव्या बाहुलीचा, माझ्याकडे न बघणारा. दादा हळू आवाजात सांगत होता, पारूबाई ओठ दाबून आत शोधत होत्या. किती वेळ गेला ते कळलं नाही. मी तिच्या कानामागे खाजवत राहिले आणि काहीतरी बडबडत राहिले, बहुधा कानडीत, कारण बंगळूरच्या घरी मांजराशी मी कानडीत बोलते.

"आला पाय," पारूबाई म्हणाल्या. मग एका कळेबरोबर दुसरं कोकरू बाहेर आलं. नर, पहिल्यापेक्षा मोठा. पण तो हलला नाही. दादानं नाकातला चिकटा काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं. पारूबाईंनी गोणपाटानं अंग चोळलं, नाकात फुंकर घातली, पुन्हा चोळलं, पुन्हा फुंकलं. राघी मान वळवून त्याला चाटायला बघत होती. शेवटी दादानं छातीवरची बोटं उचलली आणि नुसती मान हलवली.

पारूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. मग जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून त्यांनी ते बाजूला ठेवलं. रडल्या नाहीत. पदरानं कपाळ पुसलं, पहिल्या कोकराला उचललं आणि राघीच्या कासेला लावलं. ते दोनदा चुकलं, मग धरलं त्यानं, आणि शेपूट अशी जोरात हलायला लागली की मला रडू आलं.

मी हात धुवायला उठले तर पारूबाईंनी हाक मारली. "बाई, भांडं हाय का तुमच्यापाशी?"

मला कळेना. त्यांनी राघीच्या कासेकडे बोट केलं. मेंढीला दोनच सडं असतात. "ह्ये ह्या कोकराचं. आन ह्ये त्येचं व्हतं." त्यांनी धडप्याकडे पाहिलं नाही. "त्येच्या वाटनीचा घिऊन जावा."

"कोकराला लागला तर?" मी विचारलं.

"एकट्याला एवढा सरत न्हाई. डाक्टरास्नी इचारा."

दादानं मान डोलावली. मी नळ्या आणल्या. पारूबाईंनी दुसरं सड धुतलं आणि हलक्या हातानं चीक काढला. घट्ट, पिवळाधमक, जवळजवळ भंडाऱ्याच्याच रंगाचा. मधेच थांबून त्या कोकराकडे बघायच्या आणि मग पुढे काढायच्या. दोन नळ्या भरल्यावर मीच म्हटलं, पुरे.

पेटी उघडली तर बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालं होतं. दोन दिवस मी ती उन्हातून हिंडवली होती. दादानं गाडी हमरस्त्यावर पिटाळली, आणि एका रसवंतीवाल्याकडून आम्ही बर्फाचा अख्खा तुकडा घेतला. त्यानं तो गोणपाटात घालून फोडून दिला. वर "लिंबू पायजे?" असंही विचारलं.

मिरज

मिरजेत दादाच्या एका मित्राची रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. चिकातली चरबी तिथल्या फिरकी यंत्रात वेगळी करून, खालचा भाग गोठवून मग रात्रीच्या गाडीनं बंगळूरला न्यायचा होता. यंत्रावरच्या मुलीनं नळी उजेडात धरून पाहिली.

"मॅडम, हा चीक आहे ना?"

"हो."

"मग वेलदोडा आणू की जायफळ?"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. दोन दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं मोकळेपणी हसलो.

यंत्र फिरेपर्यंत मी तंतुवाद्यांच्या गल्लीत एक चक्कर मारली. दारोदार वाळलेले भोपळे टांगलेले, माणसाच्या मिठीत मावणार नाहीत एवढे. एका दुकानात एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस चालवत होते. तार छेडायची, ऐकायचं, किंचित घासायचं, पुन्हा छेडायची. मी उभी राहिलेली पाहून त्यांनी स्टूल सरकवलं.

"काय करता आपण?"

"फार बारीक गोष्टींचे फोटो काढते."

"किती बारीक?"

मी सांगायचा प्रयत्न केला. केसाचा एक भाग, त्या भागाचा आणखी एक भाग, असं करत गेले. त्यांनी मान हलवली. "मग तुम्हाला दिसतं, पण हाताला लागत नाही."

"नाही लागत."

"मग हे घ्या," म्हणून त्यांनी अर्धवट तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला. "नुसता धरा, मी तार छेडतो." भोपळा पोटाशी घुमला आणि तो घुमारा माझ्या दातांपर्यंत गेला. मी मोहनदादाला फोन करून म्हटलं, अजून थोडा वेळ लागेल.

परतल्यावर

पुढचे काही महिने सांगण्यासारखे नाहीत. ते अंधाऱ्या खोलीत गेले. चिकातून प्रतिपिंडं वेगळी केली, त्यांची धरणारी टोकं तोडून घेतली, निर्जीव विषाणूत मिसळली, गोठवली, हजारो फोटो काढले आणि संगणकावर एकावर एक रचले. बहुतेक बेचकी नेहमीच्या जागी, काट्यांच्या वरच्या टोकांवर बसली होती. ती जागा प्रत्येक प्रकारात वेगळी असते, म्हणून तिचा उपयोग नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी निराश होऊन घरी गेले.

चित्र आणखी स्पष्ट झालं तेव्हा काट्यांच्या खाली, खबदाडीत, एक धूसर सावली दिसू लागली. तिथे काहीतरी बसलं होतं. थोडंच, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी. ती जागा आम्हाला ठाऊक असलेल्या सगळ्या प्रकारांत जवळजवळ सारखी आहे. माझ्या विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ ते चित्र नुसतं फिरवत राहिले.

एका मेंढीच्या चिकावरून लस होत नाही. अजून कितीतरी मेंढ्या पाहाव्या लागतील, कितीतरी वेळा चुकावं लागेल. आणि जे निघेल ते माझ्या हयातीत कळपांपर्यंत पोचेल की नाही, मला माहीत नाही. पण कुठे बघायचं ते आता कळलंय.

पुढच्या पावसाळ्यानंतर पूर्वेकडे पुन्हा साथ आल्याचं दादानं कळवलं. मी ते चित्र मोठं छापून त्याच्याकडे पाठवलं होतं. विषाणू निळा, राघीची बेचकी पिवळी. ते घेऊन तो वस्तीवर गेला आणि तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग दादाचा कान, मग पारूबाई.

"राघी कशी आहे?" मी विचारलं.

"हाय की. तिला काय व्हतंय."

"आणि कोकरू?"

"आजारी पडलं व्हतं." मी फोन जवळ आणला. "त्वांड सुजलं, चार दिस चारा खाल्ला न्हाई. जीभ न्हाई निळी पडली. आता बरं हाय. लय उड्या मारतंया."

मग त्यांनी चित्र हातात घेतलं आणि हात लांब करून पाहिलं. "ह्यातलं आमचं कुटलं?"

"निळा तो रोग. पिवळं आहे ते राघीचं. त्या दिवशी दिलेल्या चिकातलं."

त्यांनी बोटानं एकेक काटा चाचपत नेला. मागे राघी की आणखी कुठली मेंढी खाकरली. पारूबाईंचं बोट खालच्या खबदाडीपाशी थांबलं.

"पिवळं लय थोडं दिसतंया."

"थोडंच असतं," मी म्हटलं.

त्यांनी चित्र डोळ्यांजवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"पर बसलंय नीट," त्या म्हणाल्या.